रोजच्या घाईत बेराखा: यहुदी धर्माचरण कोठून सुरू करावे?

ठाण्याला राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आणि दोन लहान मुलांची आई असलेल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातील, भगिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. आजी हयात होती तोवर घरात शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा विसाव्याचा दिवस, रोजे, म्हणजे उपवास, आणि मलिदा, म्हणजे नवसाचे ताट, रीतसर होत असे. आता स्वतःला हिब्रू वाचता येत नाही, शुक्रवारी लोकलमधून घरी पोहोचेपर्यंत बहुधा सूर्य मावळलेला असतो आणि सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनामंदिराला, जाणे सणांपुरते उरले आहे. अशा स्थितीत रोजच्या जगण्यात परमेश्वराचे स्मरण कसे ठेवावे, मराठीत केलेली प्रार्थना धर्माला मान्य आहे का, आणि थोडे पाळून बाकीचे सोडणे हा, पती म्हणतात त्याप्रमाणे, दांभिकपणा आहे का, असे त्यांचे प्रश्न आहेत. मी तीस वर्षांहून अधिक काळ सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवली आहे आणि मुलांना हिब्रू शिकवले आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहितो.

प्रथम भाषेविषयी, कारण हिब्रू येत नाही या संकोचाने सिनेगॉगच्या दारातून परत फिरलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. मिश्ना या प्राचीन यहुदी नियमसंग्रहातल्या ‘सोटा’ या प्रकरणाच्या सातव्या अध्यायात, कोणत्या गोष्टी कोणत्याही भाषेत म्हणता येतात, हे सांगितले आहे. त्यांत शेमा, म्हणजे परमेश्वर एकच आहे ही ग्वाही, आहे, उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना आहे आणि जेवणानंतरची बेराखाही, म्हणजे परमेश्वराचे स्तुतिवचनही, आहे. म्हणजे रोजच्या उपासनेचा गाभाच मराठीत म्हणता येतो. अट एवढीच, की आपल्या भाषेत म्हणताना आपण काय म्हणतो आहोत हे समजून म्हटले पाहिजे. आपल्या समाजाने हे पूर्वीच ओळखले होते. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या पेसाह सणाच्या हग्गादात, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पोथीत, हिब्रूबरोबर मराठी भाषांतर होते. हिब्रू अवश्य शिकावे, कारण सिनेगॉगमध्ये दहाजणांबरोबर एका स्वरात म्हणण्याचा आनंद तीच भाषा देते. पण ती येईपर्यंत मुके राहण्याची आज्ञा कोणीही दिलेली नाही.

मराठीचा एक लाभ मला नेहमी जाणवतो. प्रत्येक बेराखेची सुरुवात परमेश्वराला ‘तू’ म्हणून होते: हे परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, तू स्तुत्य आहेस. पुढच्याच शब्दांत वाक्य तृतीय पुरुषात जाते, ‘जो भूमीतून भाकर उत्पन्न करतो’. एका श्वासात जवळीक आणि दुसऱ्या श्वासात आदराचे अंतर, अशी ही रचना आहे. आईला आणि देवाला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यातली जवळीक समजावून सांगावी लागत नाही.

आता दांभिकपणाच्या आक्षेपाकडे वळतो. आपले पूर्वज कोकणात कसे राहिले ते आठवून पाहावे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे परंपरा सांगते. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वंशजांजवळ ना तोरा हा धर्मग्रंथ होता, ना सिद्दूर हे प्रार्थनापुस्तक. उरले होते ते शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शेमा इस्राएल’ हे एक वचन, जे ते जन्माला, लग्नाला, मृत्यूला, प्रत्येक प्रसंगी म्हणत. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पुढे डेव्हिड राहाबी हा यहुदी शिक्षक आला तेव्हा बायकांसमोर त्याने सर्व प्रकारचे मासे ठेवले आणि त्यांनी पर व खवले नसलेले मासे बाजूला काढले, तेव्हा हे यहुदी आहेत अशी त्याची खात्री झाली, हीही आपल्याकडे सांगितली जाणारी कथा आहे. या लोकांना संपूर्ण धर्मशास्त्र ठाऊक नव्हते. जेवढे हाती होते तेवढे त्यांनी घट्ट धरले, आणि त्याच आधारावर १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेले ‘शार हारहमीम’ हे आपले पहिले सिनेगॉग उभे राहिले.

तेव्हा आपल्या पतींना एवढे सांगावे, की यहुदी धर्मात प्रत्येक मित्स्वा, म्हणजे आज्ञा, स्वतंत्र उभी असते. मंगळवारी एक आज्ञा चुकली म्हणून बुधवारी दुसरी पाळण्याचे मोल कमी होत नाही. दांभिकपणा तेव्हा होतो, जेव्हा माणूस पाळत नसलेले पाळतो असे दाखवतो, किंवा अपुऱ्यालाच पुरते म्हणू लागतो. रब्बी तारफोन यांचे वचन ‘पिर्के आबोथ’ या मिश्नातल्या नीतिवचनांच्या प्रकरणात आहे: काम पुरे करणे तुझ्यावर बंधनकारक नाही, पण ते सोडून देण्यासही तू मोकळा नाहीस. या वाक्याचे दोन्ही अर्धे घ्यावे लागतात. पहिला अर्धा धीर देतो आणि दुसरा अर्धा सबब काढून घेतो.

माझा सल्ला असा, की सुरुवात बेराखेपासून करावी. तिला वेगळा वेळ लागत नाही, कारण आपण जे करणारच आहोत त्याच्या उंबरठ्यावर ती म्हटली जाते. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, रब्बी मेइर यांनी दिवसाला शंभर बेराखा म्हणाव्यात असे सांगितले आहे. हा आकडा ऐकून नवशिक्यांना धडकी भरते; परंतु तीन वेळच्या प्रार्थना आणि जेवणखाण मिळून तो बराचसा आपोआप भरतो, आणि आपण पाचांपासून सुरुवात केली तरी चालेल.

सकाळी डोळे उघडताच, अंथरुणावर असतानाच, ‘मोदे अनी’ म्हणतात. स्त्रिया ‘मोदा अनी’ म्हणतात. अर्थ असा: हे जिवंत आणि सनातन राजा, तू करुणेने माझा आत्मा मला परत दिलास म्हणून मी तुझे आभार मानते, तुझी निष्ठा थोर आहे. या वाक्यात परमेश्वराचे पवित्र नाव नाही, म्हणून हात न धुता ते म्हणता येते. त्यानंतर भांड्याने आळीपाळीने उजव्या व डाव्या हातावर तीनदा पाणी घ्यावे. मोबाइलकडे हात जाण्याआधी हे व्हावे असा माझा आग्रह आहे, कारण त्या काचेकडे एकदा पाहिले की दिवस दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो.

शौचालयातून आल्यावर हात धुऊन म्हणायची बेराखाही मी सुरुवातीच्या पाचांत घेईन. नवख्या माणसाला तिचे आश्चर्य वाटते. ज्याने मनुष्याला शहाणपणाने घडवले, त्याच्यात छिद्रे आणि पोकळ्या निर्माण केल्या, आणि यांतले एक जरी नको तेव्हा उघडले किंवा नको तेव्हा बंद झाले तर तुझ्यापुढे उभे राहणे अशक्य होईल, अशी ती कबुली आहे. तालमूदच्या ‘बेराखोथ’ प्रकरणात हे शब्द आबाये या विद्वानाच्या नावाने आले आहेत. माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडले होते आणि आठवड्यातून तीनदा त्यांना यंत्राला जोडावे लागत असे. मी ही बेराखा लहानपणापासून भराभर म्हणत आलो होतो; त्या वर्षी प्रथम मी ती शब्दाशब्दाला थांबून म्हटली.

मुख्य प्रार्थनेसाठी अर्धा तास मिळत नसेल तर माइमोनिडीस या मध्ययुगीन धर्मशास्त्रकाराने सांगितलेले मूळ रूप लक्षात ठेवावे. त्याच्या मते दिवसातून एकदा प्रार्थना करणे हे तोराचेच बंधन आहे, आणि तिचा क्रम असा: आधी परमेश्वराची स्तुती, मग आपली गरज मागणे, मग त्याने दिलेल्याबद्दल आभार. शब्द आपले, भाषा आपली. मिश्नाप्रमाणे वेळेला बांधलेल्या शेमातून स्त्रियांना सूट आहे, प्रार्थनेतून नाही; तेव्हा ही तीन पावले आपल्यावर आहेतच. मुलांना शाळेत सोडून स्थानकाकडे चालताना ती म्हणण्यास हरकत नाही, फक्त मधल्या पावलावर, म्हणजे मागण्यावर, घाईने उडी मारू नये.

जेवणाच्या बेराखांत मराठी स्वयंपाकघराचे काही खास प्रश्न येतात आणि ते मला आवडतात. ‘हामोत्सी’ ही भाकरीची बेराखा केवळ पाच धान्यांच्या भाकरीला लागते, आणि गहू त्यांपैकी एक आहे. म्हणून चपातीला हात धुऊन हामोत्सी म्हणावी. ज्वारी किंवा बाजरी त्या पाचांत बसत नाही, म्हणून आपण भाकरीला ‘भाकरी’ म्हणत असलो तरी तिच्यावर हामोत्सी नाही. आंबा झाडाचे फळ, म्हणून त्याला झाडाच्या फळाची बेराखा. केळ मात्र एकदा घड दिला की तिचा खांब मरतो, म्हणून केळ्याला भूमीच्या फळाची बेराखा. हंगामातला पहिला आंबा कापला की त्याबरोबर ‘शेहेहेयानू’ म्हणावे: ज्याने आम्हाला जिवंत ठेवले, सांभाळले आणि या काळापर्यंत आणले. मुलांना आधी हेच शिकवावे. एप्रिलात आंब्याची पेटी घरात आल्यावर सगळ्यांनी थांबून एक वाक्य म्हणायचे, हे त्यांच्या लक्षात आयुष्यभर राहते. जूनमध्ये पहिला गडगडाट झाला की ज्याचे सामर्थ्य जग भरून आहे त्याची बेराखा म्हणावी, आणि वीज चमकताना पाहिली की सृष्टीचे कार्य करणाऱ्याची. कोकणच्या पावसात राहणाऱ्यांना या दोन बेराखा पाठ असायलाच हव्यात.

मलिद्याविषयी आपण स्वतंत्रपणे विचारलेले नाही, परंतु ती आजीची रीत म्हणून आपण लिहिले आहे, आणि ती जुनी भाबडी चाल समजून सोडून देणाऱ्यांचे मला वाईट वाटते. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलदोडा आणि भोवती फळे, असे ते ताट असते. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने ते मांडतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जिथे खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे, अनेकजण आजही जातात. आता त्या ताटाकडे नीट पाहावे. पोह्यांची बेराखा वेगळी, झाडाच्या फळांची वेगळी, केळ्याची वेगळी, सुगंधी पानाची वेगळी. ग्रंथ नसलेल्या काळातून आलेल्या समाजाच्या हाती बेराखांचा हा पाठ एका थाळीत मांडलेला आहे. मात्र नवस एलियाहूला न करता परमेश्वराला करावा, आणि आभारही त्याचेच मानावेत. हे आपल्या मोठ्यांना ठाऊक होते, म्हणूनच मलिद्याआधी ते शेमा म्हणत.

आता शुक्रवारकडे येतो, जो आपल्या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग आहे. येथे मी सवलत दिली तर ती खोटी ठरेल. शब्बाथचा दिवा सूर्यास्तापूर्वी, रूढीप्रमाणे अठरा मिनिटे आधी लावायचा असतो. सूर्य मावळल्यावर तो लावणे म्हणजे शब्बाथच्या सन्मानासाठी शब्बाथच मोडणे होय. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेरीस सव्वासातनंतर, म्हणजे उन्हाळ्यात जे जमते ते हिवाळ्यात जमत नाही. यावर दोन मार्ग आहेत. एक, दिव्याचे कर्तव्य संपूर्ण घराचे आहे, केवळ गृहिणीचे नाही; तिला अग्रमान आहे, पण ती वेळेवर पोहोचणार नसेल तर पतीने बेराखा म्हणून दिवा लावावा. दांभिकपणाची चिंता करणाऱ्या गृहस्थांना हे काम मनापासून सोपवावे. दुसरा, हिवाळ्यातले निदान काही शुक्रवार लवकर निघण्याची परवानगी कचेरीत आधीच मागून ठेवावी. कारण स्पष्ट सांगून, इतर दिवशी भरपाई करण्याची तयारी दाखवून मागितलेली परवानगी बहुधा मिळते, असा माझ्या ओळखीच्या अनेक घरांचा अनुभव आहे.

दिव्यासाठी मेणबत्तीच हवी असे नाही. मिश्नात रब्बी तारफोन यांनी फक्त ऑलिव्हच्या तेलाचा आग्रह धरला आहे, पण बाकीच्या विद्वानांनी सर्व तेले चालतील असे म्हटले आणि तिळाच्या तेलाचे नाव घेतले. तेल्यांच्या वंशजांनी तिळाच्या तेलाचा दिवा लावावा, यासारखे समाधान दुसरे नाही. दिवा लावण्याआधी मुलांच्या हातून दानाच्या डब्यात थोडे पैसे टाकावेत.

किद्दूशसाठी, म्हणजे पेला हाती घेऊन शब्बाथ पवित्र करण्याच्या प्रार्थनेसाठी, आपल्याकडे काळ्या मनुकांचे सरबत करतात. मनुका गुरुवारी रात्री भिजत घालाव्यात, दुसऱ्या दिवशी उकळून, कुस्करून गाळाव्यात. द्राक्षवेलीच्या फळाची बेराखा त्याच्यावर म्हणता येते. पती घरी नसतील तर किद्दूश आपण स्वतः म्हणावा, कारण त्याचे बंधन स्त्रियांवरही तेवढेच आहे. शुक्रवारी रात्री तो राहून गेला तर शनिवारी दिवसा म्हणता येतो. शनिवारी रात्री शब्बाथला निरोप देणारी हब्दाला चुकली तर मंगळवारच्या सूर्यास्तापर्यंत ती करता येते, मात्र तेव्हा दिवा आणि सुगंध यांच्या बेराखा गळतात. हे नियम मी मुद्दाम सांगतो आहे, कारण एक वेळ हुकली म्हणून पूर्ण आठवडा सोडून देण्याची सवय मी फार घरांत पाहिली आहे.

शब्बाथची मनाई असलेली कामे मिश्नात एकोणचाळीस मोजली आहेत. ती एका आठवड्यात आत्मसात होत नाहीत. सुरुवातीला शुक्रवारच्या जेवणापासून शनिवारी सकाळपर्यंत फोन कपाटात ठेवावा, कचेरीचे काम आणि खरेदी नको, आणि रात्रीचा स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी आवरलेला असावा. नारळाच्या दुधातले मटण आधीच तयार असले तर मांस आणि दूध वेगळे ठेवण्याचा नियमही अनायासे पाळला जातो, जो आपल्या आज्यांनी कोणतेही पुस्तक न उघडता पाळला.

प्रार्थनेविषयी इतके लिहिल्यावर एक गोष्ट न लिहिणे चुकीचे होईल. तालमूदमध्ये रावा हे विद्वान सांगतात, की मृत्यूनंतरच्या न्यायाच्या वेळी पहिला प्रश्न असतो, ‘व्यवहार प्रामाणिकपणे केलास का?’ आणि दुसरा, ‘तोरासाठी ठरावीक वेळ ठेवलास का?’ या क्रमाचा विचार करावा. आपले आठ तास कचेरीत जातात, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण रोज तेथेच लिहीत असतो. वाईट बोलण्याने तिघांचा घात होतो, बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते त्याचा, अशी तालमूदची शिकवण आहे. आणि खरी असली तरी कुचाळकी निषिद्धच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेला एक निरोप किती ऐकणारे निर्माण करतो, हे आपण जाणताच. ‘सेदाका’, म्हणजे दान, या शब्दाचे मूळ न्यायात आहे, दयेत नाही, म्हणून घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार वेळेवर देणे हेही माझ्या दृष्टीने धर्माचरणाच्या पहिल्या पानावर येते. माइमोनिडीसने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत आणि सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पुन्हा हात पसरावा लागणार नाही असे करणे.

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे अभ्यासासाठी, हिल्लेल यांचे वचन आहे: सवड मिळाली की शिकेन असे म्हणू नकोस, कदाचित तुला सवड मिळणारच नाही. रोज दहा मिनिटे पुरेत, पण त्याच वेळी. लोकलमधल्या परतीच्या प्रवासात ‘पिर्के आबोथ’मधले एक वचन मराठीत किंवा इंग्रजीत वाचावे आणि शनिवारी ते मुलांना सांगावे.

रात्री अंथरुणावर शेमा म्हणतात. त्याआधी क्षमा करण्याची एक छोटी प्रार्थना आहे, जिच्यात आपण म्हणतो की आज ज्याने मला दुखावले, राग आणला, माझ्या मालमत्तेचे किंवा मानाचे नुकसान केले, त्याला मी क्षमा करते, आणि माझ्यामुळे कोणाला शिक्षा होऊ नये. किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवसाची, ज्याला आपण ‘दारफाळणीचा सण’ म्हणत आलो, वाट न पाहता ही झाडलोट रोज व्हावी. मात्र आपण ज्याला दुखावले त्याची समजूत आपणच काढायला हवी, कारण माणसामाणसांतले अपराध त्या मोठ्या दिवशीही समेटाशिवाय पुसले जात नाहीत, असे मिश्ना स्पष्ट सांगते. मुलांना आपल्या मांडीवर घेऊन शेमा म्हणावा. मूल बोलू लागले की त्याला हे वचन शिकवावे, असे तालमूदमध्ये आहे. डोळ्यांवर उजवा हात ठेवायचा, आणि ‘एहाद’, म्हणजे एक, हा शब्द ओढून म्हणायचा.

शेवटी घराच्या दाराकडे लक्ष वेधतो. आपले घर भाड्याचे असले तरी तीस दिवसांहून अधिक काळ राहिल्यावर मेझुझा, म्हणजे चौकटीवरची चर्मपत्राची डबी, लावणे बंधनकारक होते. आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, उंचीच्या वरच्या तृतीयांशाच्या खालच्या टोकाला ती लावतात. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेला शेमाच असतो. साडेसात वर्षे झाली तरी न उघडलेल्या मेझुझा मी आपल्या घरांत पाहिल्या आहेत, आणि आपल्या दमट हवेत शाई सुटते, चर्मपत्राला बुरशी येते, एक अक्षर तुटले तरी ती बाद होते. सात वर्षांतून दोनदा ती तपासून घ्यावी असा नियम आहे. आजीच्या वेळची मेझुझा दारावर असेल तर या पावसाळ्याआधी ती काढून आपल्या सिनेगॉगच्या हझानकडे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याकडे, न्यावी, आणि मुलांना बरोबर न्यावे, म्हणजे रोज शाळेत जाताना ते ज्या डबीला हात लावून तो ओठांना लावतात तिच्या आत काय लिहिले आहे ते त्यांना एकदा डोळ्यांनी पाहता येईल.